वळीव, वीज आणि घरातले आवाज

आंब्याला पाड लागला की वळवाचे ढग जमू लागतात. दुपारपर्यंत अंगाची लाही होते, चारच्या सुमाराला वावटळ उठते आणि मग एकदम कडकडाट. कांदा झाकायचा, कडबा झाकायचा, शेरडे आत घ्यायची, ही धावपळ आपल्या अंगवळणी पडलेली आहे. या धावपळीत घरातली एक नवी वस्तू मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही. ती म्हणजे माजघरातल्या फळीवर मांडलेले, आवाज टिपून ठेवायचे सामान.

हे सामान आता खेड्यात बऱ्याच घरांत आले आहे. भजनी मंडळातला एखादा शिकलेला मुलगा लॅपटॉप, माइक, साउंड कार्ड आणि लहानसा मिक्सर घेऊन बसतो. मिक्सर म्हणजे वाटणाचा नव्हे बरं का, दोन-तीन माइकचे आवाज एकत्र करायचा. कोणी पोवाडे भरून ठेवतो, कोणी भारुडे, तर कोणी आपल्या आजीच्या ओव्या. पूर्वी यासाठी पुण्या-मुंबईच्या स्टुडिओची पायरी चढावी लागे. आता पाखरांचा किलबिलाट थांबला आणि शेजारची पिठाची गिरणी बंद झाली की आपले माजघर हाच स्टुडिओ. चांगली गोष्ट आहे. पण स्टुडिओ घरात आला तरी स्टुडिओची वीजजोडणी काही घरात आलेली नाही, आणि घोटाळा तिथेच होतो.

सोलापूर जिल्ह्यातल्या एका भगिनींचे पत्र समोर आहे. त्यांच्या सासूबाईंना शेकड्याने ओव्या पाठ होत्या. नातवाने तीन वर्षांच्या सुट्ट्यांत त्या थोड्या थोड्या करून लॅपटॉपवर भरून घेतल्या. थंडीत सासूबाई गेल्या. पुढच्या वळवात एका संध्याकाळी वारा सुटला, दिवे दोन-तीनदा लुकलुकले, मग एकदम पांढरेफेक झाले, पंखा घोंगावायला लागला आणि फट्‌ असा आवाज होऊन जळका वास सुटला. लॅपटॉप, साउंड कार्ड आणि टीव्ही, तिन्ही बंद पडले. तालुक्याच्या दुकानदाराने पाहून सांगितले, "बोर्ड गेला, नवीन घ्या." त्या लिहितात, "यंत्राचे पैसे गेले ते जाऊ देत. पण आत्याबाईंचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही."

हे पत्र वाचून मला पहिल्यांदा जुन्या टेपरेकॉर्डरची आठवण झाली. कॅसेट १९६३ साली निघाली आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत आपल्या गावोगावी पोचली. तो टेपरेकॉर्डर विजेवर चाले, तसा सेलवरही चाले. वीज पडून तो जळाला असता तरी कॅसेट बाहेर काढून दुसऱ्याच्या टेपवर वाजवता आली असती. यंत्र वेगळे, आवाज वेगळा. कॅसेट ओलीने बुरसायची, टेप गुंतायची, पेन्सिल घालून गुंडाळावी लागायची, तिचे दोष होतेच. पण विजेच्या एका झटक्याने तीन वर्षांचे काम जाण्याची सोय तिच्यात नव्हती. आताच्या यंत्रात टिपणारे आणि साठवणारे एकाच पेटीत बसले आहेत, आणि ती पेटी भिंतीतल्या बोर्डाला जोडलेली आहे. म्हणून आज जो विचार करायचा तो दोन गोष्टींचा आहे. पेटी वाचवायची कशी, हा एक. आणि पेटी गेली तरी आवाज कसा राहील, हा दुसरा. माझ्या मते दुसरा अधिक महत्त्वाचा आहे, पण लोक सगळा पैसा पहिल्यावर घालतात.

आता हा विजेचा लोंढा घरात येतो कसा ते पाहू.

पहिली वाट आभाळातली. वीज आपल्या घरावरच पडली पाहिजे असे नाही. एखादे-दोन किलोमीटरवर ती तारांवर किंवा तारांजवळ पडली तरी तारांत मोठा दाब उसळतो आणि खांबाखांबांवरून पळत घरात शिरतो. आभाळातल्या एका विजेत सर्वसाधारणपणे तीस हजार अँपिअरच्या घरात प्रवाह असतो. आपल्या घरातल्या दिव्या-पंख्याला एखादा अँपिअरसुद्धा पुष्कळ होतो, यावरून अंदाज घ्या. हा लोंढा सेकंदाच्या लाखाव्या-दहा हजाराव्या हिश्श्यात येऊन जातो. डोळ्याला दिसत नाही, दिवाही नीट लुकलुकत नाही, पण नाजूक यंत्राचे काम झालेले असते.

दुसरी वाट डीपीवरची, आणि खेड्यात मला हीच जास्त घातक वाटते. आपल्या गावच्या डीपीतून तीन फेजच्या तारा आणि एक न्यूट्रल निघते. काही घरे एका फेजवर, काही दुसऱ्या, काही तिसऱ्या. फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये २३० व्होल्ट, पण फेज आणि फेज यांच्यामध्ये सुमारे ४०० व्होल्ट दाब असतो. वादळात झाडाची फांदी पडून ही सगळ्यांची सामाईक न्यूट्रल तुटली, किंवा डीपीवर तिचा जोड सैल होऊन जळाला, तर दोन वेगळ्या फेजवरची घरे एकमेकांत अडकतात आणि ते ४०० व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात. ही वाटणी सारखी होत नाही. समजा, एका घरात १००० वॅटची शेगडी चालू आहे आणि दुसऱ्या घरात १०० वॅटचा एकच जुना बल्ब. तर शेगडीच्या घरी चाळीस व्होल्टसुद्धा जात नाहीत आणि बल्बच्या घरी ३६० व्होल्टच्या वर जातात. म्हणजे ज्याचा वापर कमी, त्याच्या घरी दाब जास्त. रात्री सगळे दिवे मालवून, पंखा बंद करून, शांततेत गाणे भरत बसलेले घर हे नेमके कमी वापराचे घर असते! ही गोष्ट कोणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहिली.

लॅपटॉपच्या किंवा साउंड कार्डाच्या अडॅप्टरवर बारीक अक्षरांत १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असते. आत विजेचा साठा करणारा एक कपॅसिटर असतो, तो बहुधा ४०० व्होल्ट सोसेल असा घातलेला असतो. आपल्या २३० व्होल्टच्या विजेची लाट टोकाला सव्वातीनशे व्होल्टपर्यंत चढते, तेवढे तो सोसतो. ३६० व्होल्ट आले की तीच लाट पाचशेच्या वर चढते. मग फट्‌ आवाज होतो तो त्या कपॅसिटरचा. दिवे पांढरेफेक होणे, पंखा घोंगावणे आणि मग फट्‌, ही पत्रातली तिन्ही लक्षणे पाहता माझा संशय आभाळातल्या विजेपेक्षा तुटलेल्या न्यूट्रलवरच आहे. शेजाऱ्यांचे दिवे त्याच वेळी मिणमिणले होते का, एवढे विचारून पाहा. हो म्हणाले, तर शंका नको.

असे दिसले की विचार करत बसू नये. सरळ मीटरजवळचा मेन स्विच बंद करावा आणि वायरमनला कळवावे. डीपीला मात्र कोणी हात लावू नये. गावात एखादा धीट गडी असतोच, "मी चढतो" म्हणणारा. त्याला धरून खाली बसवा.

तिसरी वाट लोक विसरतात. ती म्हणजे बोर्डाखेरीज घरात येणाऱ्या तारा. छपरावरच्या डिशची तार, केबलवाल्याची तार, तांब्याची टेलिफोनची तार. आपण लॅपटॉपचा प्लग काढतो, पण टीव्हीला जोडलेली वायर तशीच राहते, किंवा साउंड कार्डातून एक वायर ॲम्प्लिफायरला गेलेली असते आणि तो बोर्डात असतो. लोंढा एका दाराने शिरून दुसऱ्या दाराने जमिनीत जायला बघतो, आणि त्याच्या वाटेत जे येईल ते जाळतो. म्हणून कित्येकदा लॅपटॉप शाबूत राहतो आणि साउंड कार्डच जळते. इंटरनेट काचेच्या तंतूवरून येत असेल तर त्या काचेतून लोंढा येत नाही, पण त्या डबीचा अडॅप्टरही बोर्डातच असतो हे लक्षात ठेवा.

पुढचा प्रश्न ठरलेला. "आमच्याकडे एमसीबी आहे, मग कसे जळाले?" एमसीबी वायरिंग जळू नये म्हणून असतो. जास्त प्रवाह वाहिला की तो पडतो, आणि पडायला त्याला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात आभाळातली वीज शेकडो वेळा येऊन जाईल. दाब वाढलेला त्याला कळतच नाही. माणसाला झटका बसू नये म्हणून जो ब्रेकर बसवतात, त्याचे काम माणूस वाचवणे. ते तो चोख करतो, यंत्राशी त्याला देणेघेणे नाही. स्टॅबिलायझर सावकाश वरखाली होणाऱ्या दाबासाठी चांगला, झटक्याला तो पुरा पडत नाही. इन्व्हर्टरविषयी तर मोठाच गैरसमज आहे. लाइट असते तेव्हा घरगुती इन्व्हर्टर बहुधा बाहेरचीच वीज जशीच्या तशी पुढे सोडतो. लाइट गेल्यावरच तो बॅटरीवर येतो. म्हणजे झटका येतो तेव्हा तो मध्ये उभा नसतोच.

आणि बाजारात 'स्पाइक गार्ड' म्हणून जे बोर्ड मिळतात त्यांतले पुष्कळसे साधे एक्स्टेन्शन बोर्डच असतात, वर एक लाल दिवा लावलेला. खऱ्या बोर्डात व्हॅरिस्टर नावाची एक चकती असते. एरवी ती गप्प असते, दाब ठरावीक मर्यादेपुढे गेला की स्वतः वाट मोकळी करून लोंढा अंगावर घेते. प्रत्येक घावाने ती झिजते. चार-पाच पावसाळे काढलेल्या बोर्डावर भरवसा ठेवू नये. शिवाय ती क्षणाच्या झटक्यासाठी आहे. न्यूट्रल तुटून मिनिटभर साडेतीनशे व्होल्ट येत राहिले तर ती स्वतःच तापून जळते, म्हणून असा बोर्ड गादीखाली किंवा पडद्याजवळ कधी ठेवू नका. न्यूट्रलच्या भानगडीवर उपाय वेगळा आहे. दाब फार वाढला किंवा फार उतरला की वीज तोडणारे आणि दाब ठिकाणावर आल्यावर थोडा वेळ थांबून परत जोडणारे एक लहान यंत्र मिळते. दुकानात 'ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर' म्हणून मागावे आणि वायरमनकडून मीटरपुढच्या बोर्डात बसवून घ्यावे. साउंड कार्ड विकत घेण्याआधी हे घ्या, असे मी म्हणेन. मेन बोर्डावर बसवायचा सर्ज प्रोटेक्टरही मिळतो. तो घेतलात तर त्याच्या जोडणीच्या तारा शक्य तितक्या आखूड, अर्ध्या मीटरच्या आत ठेवायला सांगा. तार लांबली की त्याचा गुण उतरतो.

पण हे सगळे एका गोष्टीवर उभे आहे, ते म्हणजे अर्थिंग. लोंढ्याला जमिनीत जायची वाटच नसेल तर सर्ज प्रोटेक्टर तो टाकणार कुठे? आणि आपल्याकडे अर्थिंगची दशा काय सांगावी. घर बांधताना खड्डा केला, तो कुठे आहे हे आज घरात कोणाला सांगता येत नाही. कुठे अर्थिंगची तार नळाच्या पाइपाला बांधलेली, आणि तो पाइप पुढे प्लॅस्टिकचा. कुठे तर तीन पिनांच्या जाड पिनेची जागा कोरडीच. सर्वांत वाईट म्हणजे काही ठिकाणी अर्थिंगची पिन न्यूट्रललाच जोडून देतात. न्यूट्रल तुटली की त्या घरातली प्रत्येक लोखंडी पेटी जिवंत होते. असे कोणी करून दिले असेल तर आजच्या आज सोडवून घ्या.

अर्थिंग नाही हे ओळखायची एक खूण गाणाऱ्याला पक्की माहीत असते. माइकच्या जाळीला ओठ लागला की चुणचुणते, किंवा लॅपटॉपच्या धातूवरून हात फिरवला की मुंग्या आल्यासारखे होते. पेटीवर चढलेल्या गळक्या विजेला उतरायला जागा नसते, म्हणून हे होते. आपले लोक त्यावर माइकला रुमाल गुंडाळतात. रुमालाने चुणचुण लपते, अर्थिंग होत नाही.

नीट अर्थिंग करायचे तर भिंतीपासून दीड मीटर दूर, ओल राहील अशा जागी, अडीच मीटर लांबीचा जस्ती पाइप उभा पुरावा, भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर द्यावेत आणि वरून पाणी घालायला तोंड ठेवावे. मोरीचे पाणी जाते ती बाजू चांगली. उन्हाळ्यात, म्हणजे नेमके वळवाच्या आधी, जमीन कोरडी ठणठणीत असते आणि अर्थिंग सर्वांत दुबळे असते. चैत्रात आठवड्याला दोन-चार घागरी पाणी तिथे ओतावे. दारातल्या तुळशीला आपण घालतोच, तिच्याबरोबर याही खड्ड्याला. मिठाने पाइप कालांतराने खातो, तेव्हा काही वर्षांनी उकरून पाहावे. अर्थिंग किती चांगले आहे हे मोजायचे यंत्र असते. वायरमनकडून मोजून घ्या, बल्ब लावून पाहण्याचे उद्योग घरी करू नका.

एवढे सगळे केले तरी जवळ पडलेल्या विजेपुढे कशाचीच हमी नाही. तिच्यावर खात्रीचा उपाय एकच, फुकटातला. प्लग काढून ठेवणे. स्विच बंद करणे नव्हे, प्लग काढणे. स्विचच्या आतल्या टोकांमध्ये दोन-तीन मिलिमीटरचे अंतर असते. आभाळातून एवढ्या मैलांची उडी मारून आलेल्या विजेला ते काय अडवणार? प्लग काढा, डिशची तार काढा, साउंड कार्डाची वायर लॅपटॉपमधून काढा, आणि पेटी भिंतीपासून बाजूला ठेवा.

हे काम वीज चमकायला लागण्याआधी करायचे. इथे मी अगदी हट्टाने सांगतो. कडकडाट डोक्यावर असताना प्लगला हात घालायचा नाही. त्या क्षणी तारेतून लोंढा आला तर तो यंत्र सोडून हातावर येईल. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजा. आवाज तीन सेकंदांत सुमारे एक किलोमीटर येतो. तीस मोजायच्या आत गडगडाट आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. तेव्हा प्लगचे काम झालेले असले पाहिजे, नसेल तर राहू द्या. यंत्र जाईल, जाऊ दे. मोरीचा नळ, लोखंडी खिडकी, वायरचा माइक, कानाला लावलेला वायरचा हेडफोन, यांच्यापासूनही दूर बसा. शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास जाऊ द्या. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने 'दामिनी' नावाचे मोबाइल ॲप तयार केले आहे, जवळपास विजा पडत असतील तर ते सूचना देते. शेतात जाणाऱ्या प्रत्येकाच्या मोबाइलवर ते असावे. त्याचा उपयोग आधी माणसांसाठी आणि जनावरांसाठी, मग लॅपटॉपसाठी.

लाइट परत आली की लगेच प्लग लावायची घाई करू नका. पहिल्या पाच-दहा मिनिटांत ती येते, जाते, पुन्हा येते. साऱ्या शिवारातल्या मोटारी एकदम सुरू होतात, दाब उतरतो, चढतो. आधी एक बल्ब लावून पाहा. तो नेहमीसारखा, न लुकलुकता दहा मिनिटे जळला की मग बाकीचे.

आता सोलापूरच्या ताईंसाठी, आणि अशाच दुसऱ्या कोणाचे नुकसान झाले असेल तर त्यांच्यासाठी. बोर्ड गेला म्हणजे आवाज गेला असे मुळीच नाही. असा दाब आला की आधी अडॅप्टर मरतो, कधी त्याच्या पुढचा बोर्ड मरतो. गाणी ज्या डिस्कवर साठवलेली असतात ती बहुतेक लॅपटॉपमध्ये वेगळी बसवलेली असते आणि पुष्कळदा वाचलेली असते. म्हणून तो लॅपटॉप भंगारात देऊ नका, दुकानदाराला बदल्यातही देऊ नका. आतली डिस्क काढून मागा. ती एका लहानशा डबीत बसवून दुसऱ्या लॅपटॉपला जोडता येते. डिस्क जिवंत असेल तर सारे जिथल्या तिथे मिळेल. काही नव्या बारीक लॅपटॉपमध्ये मात्र साठवणीचा भाग बोर्डावरच डाखलेला असतो, तिथे काम अवघड आहे, तरी त्यातल्या जाणकाराला दाखवल्याशिवाय आशा सोडू नये.

वेगळी, बाहेरची डिस्क असेल आणि ती फिरत नसेल, तर आधी तिचा अडॅप्टर तपासा. त्याच व्होल्टचा आणि त्याच टोकाचा दुसरा लावून पाहा, पुष्कळदा रोग तेवढाच असतो. तेवढ्याने ती फिरली नाही तर मात्र थांबा. खालचा हिरवा बोर्ड दुसऱ्या डिस्कचा आणून लावायचा प्रयोग कोणी सुचवील, तो करू देऊ नका. त्या बोर्डावरच्या चिपमध्ये त्या एकाच डिस्कची माहिती असते, नुसता बोर्ड बदलून भागत नाही. आणि डिस्क उघडायची तर अजिबात नाही. आतल्या तबकडीला धुळीचा कणसुद्धा चालत नाही.

गाणे भरत असतानाच लाइट गेली तर आणखी एक प्रकार होतो. फाइल दिसते पण उघडत नाही, किंवा लांबी शून्य दाखवते. अशा फाइलच्या डोक्याला आपण किती लांब आहोत हे लिहिलेले असते, आणि ते पूर्ण लिहिले जाते भरणे संपल्यावर. ते राहून गेले, एवढेच. आतला आवाज बहुधा असतो. ती फाइल पुसू नका, त्या कार्डावर किंवा डिस्कवर पुढे काहीही भरू नका आणि जाणकाराकडून सोडवून घ्या. पुसून वर दुसरे गाणे भरले की मग खरेच गेले.

नुकसानभरपाईचे विचाराल तर यंत्राच्या गॅरंटीत वीजदाबाचे नुकसान सहसा धरत नाहीत. घराचा विमा असेल तर विजेच्या उपकरणांविषयी काय वगळले आहे ते कागदात वाचा. न्यूट्रल तुटण्याचा प्रकार असेल तर वीज कंपनीकडे त्याच दिवशी लेखी तक्रार द्या, पोच घ्या, जळलेल्या वस्तूंचे फोटो ठेवा, ज्यांची घरे त्याच डीपीवर आहेत अशा शेजाऱ्यांच्या सह्या घ्या. तिथे दाद लागली नाही तर २००३ च्या विद्युत कायद्याखाली ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच असतो, त्याच्याकडे जाता येते. सैल जोडाची तक्रार आधीच लेखी दिलेली असेल तर बाजू बळकट होते. म्हणून दिवे वारंवार कमीजास्त होत असतील तर पावसाळ्याची वाट न पाहता अर्ज द्या.

आता मघाचा दुसरा प्रश्न, पेटी गेली तरी आवाज राहायचा कसा. बियाणे आपण एकाच कणगीत ठेवत नाही. थोडे घरात, थोडे भावाकडे. आवाजाचेही तेच करावे. एक प्रत लॅपटॉपवर, दुसरी वेगळ्या डिस्कवर, तिसरी दुसऱ्या गावी. दुसरी डिस्क लॅपटॉपला कायमची जोडून ठेवायची नाही, नाहीतर एकाच झटक्यात दोन्ही जातील. प्रत करायची, काढायची आणि डब्यात घालून कपाटात ठेवायची. तिसरी लेकीच्या सासरी द्या, पुण्याला नोकरीत असलेल्या मुलाकडे द्या. इंटरनेटवर ठेवायची सोय असेल तर तीही चालेल, पण आठवड्याला नियमाने कोण ठेवणार ते घरात ठरवून घ्या.

मोठ्या माणसांनी हेच केले आहे. हेमा राइरकर आणि गी पॉइटव्हां या दोघांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या खेड्यांत फिरून बायाबापड्यांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. पुढे बर्नार बेल या संगीताच्या अभ्यासकाच्या साथीने त्यांतल्या पुष्कळ ओव्या गाणाऱ्यांच्या तोंडून टिपल्या गेल्या, त्या शंभर तासांहून जास्त भरल्या. पॉइटव्हां २००४ साली गेले आणि राइरकर २०१० साली, पण ओव्या राहिल्या. कारण त्या एका घरात, एका पेटीत नव्हत्या. त्या कागदावर लिहिलेल्या होत्या, संगणकावर होत्या, आणि ध्वनिमुद्रणे संग्रहालयात दिलेली होती. आज 'पारी' या ग्रामीण भारताच्या संकेतस्थळावर त्या ऐकायला मिळतात. आपल्या घरच्या कामाला एवढा पसारा नको, पण तीन प्रती आणि एक वही एवढे तर जमण्यासारखे आहे.

वही मात्र हवीच. कोणी गायले, कोणत्या गावची, माहेर कुठले, कोणत्या दिवशी, आणि ओवीचे शब्द. हेच गाणे सुरू करण्याआधी आवाजातही बोलून ठेवावे, म्हणजे फाइलचे नाव बदलले तरी गायले कोणी ते कळते. वहीला विजेची भीती नाही. उंदरांची आहे, म्हणून ती पत्र्याच्या पेटीत ठेवा.

आणि भरायचे कसे म्हणाल, तर शक्यतो बॅटरीवर. लॅपटॉप आधी पुरा चार्ज करून प्लग काढून बसा, किंवा सेलवर चालणारा लहान रेकॉर्डर वापरा. वायरच नाही तर लोंढा येणार कुठून? आणखी एक लाभ होतो. बोर्डाला जोडलेले असताना आवाजामागे जी बारीक घूंऽऽ अशी घरघर येते, ती बॅटरीवर पुष्कळ कमी होते. मोबाइलवर भरत असाल तर तोही चार्जिंगला लावलेला नसावा, आणि मधेच फोन येऊ नये म्हणून त्याचे नेटवर्क बंद करून ठेवा.

आजीला मात्र यातले काही सांगत बसू नका, नाहीतर ती त्या पेटीलाच बिचकेल. माइक तिच्या तोंडापुढे न धरता वीतभर बाजूला, जात्यापासून थोडा वर ठेवा. पंखा बंद करा, कोंबड्या बाहेर काढा आणि पसाभर जोंधळे आणून तिच्यापुढे ठेवा. नुसते "म्हण" म्हटले तर तिला दोन ओव्या आठवतील. खुंटा हातात आला की वीस आठवतात.